पहिल्या वर्षाची सवलत

"ह्या घरात आमटी करत्यात का खीर करत्यात, काय कळंना झालंय," यल्लव्वा ताटाकडं बघत पुटपुटल्या.

शेजारी बसून त्यांची भाकरी कुस्करून देणाऱ्या शिवलीलालाच तेवढं ऐकू गेलं. तिनं टेबलाखालून सासूच्या गुडघ्याला हळूच गुडघा लावला. यल्लव्वांनी ऐंशी ओलांडली होती, दात गेले होते, पण जिभेची धार होती तशीच होती. टेबलाच्या पलीकडं श्वेता जेवत होती. वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेली सून. तिच्या कानावर यातलं काही जाता कामा नये, असा या घरानं न बोलता केलेला कायदा होता.

आमटीत गूळ पडायला लागला तो ती आल्यापासून. शिवलीलाचं माहेर बेळगावच्या खानापूरकडचं, सासर बैलहोंगलाजवळचं. दोन्हीकडं आमटी म्हणजे पहिल्या घासाला कपाळावर घाम आला पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात श्वेतानं दोन घास खाल्ले, हसून 'मस्त आहे' म्हणाली आणि पाण्याचे तीन ग्लास रिकामे केले. दुसऱ्या दिवसापासून बंगळुरात जयनगरच्या त्या घरातल्या फोडणीचा स्वभावच बदलला. मग एकेक करत बाकीचंही बदललं. आप्पाजी, म्हणजे शिवलीलाचे यजमान, पहाटे मोठ्यानं कन्नड बातम्या लावायचे. ते इअरफोन घालून, ओठ हलवत बातम्या ऐकायला लागले. पाण्याची मोटर श्वेता उठल्याशिवाय लावायची नाही असं ठरलं. तिच्या खोलीत एसी आला. बंगळुरात एसी कशाला लागतो, असं जन्मभर लोकांना सांगत आलेले आप्पाजीच तो दुकानात जाऊन घेऊन आले, आणि बसवणाऱ्या माणसाला 'स्वल्प आवाज कमी येईल असा बसवा' म्हणून चार वेळा सांगून झालं. स्वयंपाक नको, उपास नको, पाहुण्यांसमोर साडी नको. यल्लव्वा म्हणायच्या, आता हिला देव्हाऱ्यात बसवायचीच काय ती राहिली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. श्वेताचा नवरा रोशन एकुलता एक. त्याच्या कंपनीचं पुण्यातही ऑफिस होतं, आणि तिकडं जातोस का, असं त्याला दिवाळीच्या सुमारास विचारलं होतं. त्यानं ते घरी सांगितलं, 'नको म्हणालो' असंही सांगितलं. पण सांगताना तो उघड्या फ्रिजमध्ये बघत होता. शिवलीलानं त्याला जन्म दिला होता. फ्रिजमध्ये बघून बोललेल्या वाक्यात दम किती, ते तिला कळत होतं. तेव्हापासून या घरात पुण्याचं नाव निघेनासं झालं. टीव्हीवर तिथल्या रहदारीची बातमी लागली तरी आप्पाजी घाईनं चॅनेल बदलत. पोरं गेली तर मागं उरणार ती दोन म्हातारी माणसं आणि म्हातारपणाच्या वेशीवर उभी असलेली शिवलीला, हे ज्याला त्याला दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बोलण्याऐवजी सगळे श्वेताला आणखी काहीतरी देत होते.

श्वेताचं ऑफिस व्हाइटफील्डला होतं. आठवड्यातले दोन-तीन दिवस ती मेट्रो बदलत तिकडं जायची, बाकीचे दिवस घरूनच काम करायची. काम खेळांच्या आकड्यांचं. परदेशातल्या खेळांची माहिती गोळा करायची, निवडायची, त्यातून काय दिसतं ते लिहून पाठवायचं. कुणी विचारलं तर शिवलीला 'कॉम्प्युटरवर आहे' एवढंच सांगे. एका दुपारी ती चहा द्यायला गेली, तर पडद्यावर उघड्या दंडाचे, आखूड चड्ड्यांतले धिप्पाड पोरगे लंबगोल चेंडूमागं धावत होते आणि तो झेलायला एकमेकांच्या पाठीवर गुडघे रोवून हवेत उडत होते.

"ह्यांच्या आया बघतात का हे?" तिनं विचारलं.

श्वेता हसली आणि तिनं शेजारची खुर्ची ओढून दिली. सुरुवात तिथून झाली.

हा ऑस्ट्रेलियातला फुटबॉल, श्वेतानं सांगितलं. आपण बघतो तो नव्हे, त्यांचा त्यांचा वेगळा. तो मुरलाय दक्षिणेकडं, मेलबर्नच्या बाजूला. वरच्या अंगाला, गोल्ड कोस्टला आणि सिडनीच्या पश्चिमेला, लोकांना दुसऱ्याच खेळांचं वेड. पंधराएक वर्षांपूर्वी खेळ चालवणाऱ्यांनी ठरवलं, की याही दोन ठिकाणी क्लब काढायचे. पण नव्या क्लबनं खेळाडू आणायचे कुठून? तिकडं दरवर्षी अठरा वर्षांच्या पोरांची निवड होते. क्लब पाळीपाळीनं नावं पुकारतात, आणि ज्यानं नाव पुकारलं त्याच्याकडं पोरानं जायचं, मग ते शहर घरापासून कितीही लांब असो. या दोन नव्या क्लबांना खास सवलती दिल्या. सुरुवातीच्या पाळ्या बहुतेक त्यांच्याच. दुसऱ्यांना मिळत नाहीत अशी सतरा वर्षांची पोरंसुद्धा त्यांना आधीच घ्यायची मुभा. जुन्या क्लबांतले करार संपलेले खेळाडू उचलायची परवानगी, पगाराला जास्तीचे पैसे. आता टास्मानियात आणखी एक नवा क्लब येणार होता, आणि त्याचे किती लाड करायचे यावरून तिकडं वाद चालला होता. म्हणून एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं श्वेताच्या ऑफिसला काम दिलं होतं. मागच्या वेळच्या सवलतींचा उपयोग झाला का, ते शोधून सांगा.

शिवलीलानं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे नव्या सुनेचं पहिलं वर्ष," ती म्हणाली. "पंचमी, मंगळागौर, दिवाळसण. सगळे लाड पहिल्या वर्षी. आणि मग बघत बसायचं, रुळली का नाही."

श्वेता खळखळून हसली. हसायला पाहिजे होतं त्यापेक्षा जरा जास्तच हसली, आणि मग एकदम पडद्याकडं वळली.

पण शिवलीलाला त्या दुपारच्या खुर्चीची ओढ लागली. यल्लव्वांचं जेवण आटोपून, ओटा पुसून ती जाऊन बसायची. खेळाचे नियम तिला शेवटपर्यंत धड कळले नाहीत, पोरं मात्र कळली. लाल केसांचा एक होता, तो गोल चुकला की बनियनची कड तोंडात धरायचा. एकाचे कान अगदी तिच्या धाकट्या भावासारखे होते. 'आपला कानवाला आज खेळतोय का?' असं ती विचारायची, आणि तो सामना दहा वर्षांपूर्वीचा आहे हे श्वेता तिला रोज नव्यानं सांगायची. कधी दोघी मिळून शेंगा सोलायच्या, कधी नुसत्या बसायच्या. रोशनवर तिचा जीव होता, पण रोशननं कधी खुर्ची ओढून 'बस' म्हटलं नव्हतं. या घरात आल्यापासून ती कुणाच्या शेजारी अशी निवांत बसली नव्हती. सगळ्यांच्या मागं, नाहीतर पुढ्यात वाढायला, उभीच राहिलेली. आता पोरं गेली तर मुलगा जाईल हे खरंच, पण ही खुर्चीही जाईल, असं तिच्या मनात येई आणि ती शेंगांवर लक्ष देई.

पुढं काम अंगावर आलं. श्वेताबरोबरची मुलगी रजेवर गेली आणि अहवालाची तारीख तशीच राहिली. नव्या क्लबांनी घेतलेल्या प्रत्येक पोराचं घर कुठलं, तो क्लब सोडून गेला का, गेला तर कुठं, एवढं भरायचं होतं. सगळं जुन्या वर्तमानपत्रांत आणि क्लबांच्या पानांवर होतं, फक्त बसून वाचायला पाहिजे होतं. शिवलीला म्हणाली, घर कुठलं ते मी भरते. रोशनच्या शाळेच्या पुस्तकांवरून ती इंग्रजी शिकली होती. वाचायची हळू, पण वाचायची. श्वेतानं नको नको म्हणत लॅपटॉप पुढं सरकवला. चार-पाच दुपारी शिवलीला चष्मा लावून, प्रत्येक पोराचं खानदान खणून काढत बसली. काम संपलं तेव्हा तिनं स्वतःसाठी वेगळा चहा करून घेतला, आल्याचा.

श्वेताचे साहेब बिंदुमाधव मूळचे नागपूरचे, बोलायला भारी मऊ. त्यांचा फोन आला तेव्हा श्वेता कपडे वाळत घालत होती, त्यामुळं तो स्पीकरवर होता.

"श्वेता, एक छोटासा डाउट आहे बघ," ते म्हणाले. "मेलबर्नमध्ये जन्मलेला, तिथंच वाढलेला एक पोरगा आपण क्रीट बेटाचा दाखवलाय. एक दक्षिण सुदानचा. दोघं आयर्लंडातल्या कुठल्या तरी खेड्यातले. हे गेले सगळे मेलबर्नला, म्हणून आपण म्हणतोय की घरी कुणी परतलंच नाही, सवलती शंभर टक्के यशस्वी. तिकडून विचारलंय, क्रीटच्या बंदरावर उभं राहून मोजलं का म्हणून."

श्वेतानं चूक माझीच म्हणून सांगितलं, परत करून देते म्हणाली, आणि फोन ठेवला. शिवलीलाचे कान तापले होते. तिनं चूक म्हणून काही केलं नव्हतं. घर कुठलं, म्हणजे गाव कुठलं; आणि गाव बापाचं असतं, बापाला त्याच्या बापाचं. क्रीटहून आजोबा आले होते असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"रोशनला कुणी विचारलं तर तो बैलहोंगलच सांगतो की," ती म्हणाली. "चार दिवस सलग राहिला नाही तिथं. तरी गाव तेच. आता तुझंसुद्धा गाव तेच."

"माझं?" श्वेता म्हणाली.

"लग्नपत्रिकेत होतं की तसं."

श्वेताच्या हातात आप्पाजींचा ओला सदरा होता. तो तिनं झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, इथं घर म्हणजे जिथं तो पोरगा वाढला ते. तो गेल्यावर जिथं त्याची आई दार उघडते, ते."

दोघी पुन्हा बसल्या. या वेळी शिवलीलानं आजोबा-पणजोबा सोडून दिले आणि प्रत्येकाची आई कुठं राहते तेवढं शोधलं. आणि आठवडाभरात तो सगळा अहवाल उलटा झाला. गोल्ड कोस्टनं घेतलेली पोरं, ज्यांच्यावर एवढी उधळण केली, त्यांतली कितीतरी करार संपला की दक्षिणेकडं निघून गेली होती. जो जाईल त्याच्या बदल्यात क्लबला पुन्हा चांगली पाळी मिळायची, तिच्यातून पुन्हा दुसरा पोरगा यायचा, आणि दोन-चार वर्षांनी तोही बॅग भरायचा. सिडनीकडच्या क्लबचं जरा बरं होतं. गेले तिथूनही बरेच, पण उरलेल्यांच्या जिवावर तो एकदा अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथं मात्र सडकून हरला.

श्वेता पोरांच्या जुन्या मुलाखती मोठ्यानं वाचून दाखवायची, शिवलीला ऐकून 'घरी' नाहीतर 'पैशासाठी' असं सांगायची. एका पोरानं म्हटलं होतं, क्लबनं मला सगळं दिलं, समोर समुद्र होता, माणसं सोन्यासारखी होती, एकाविषयीही वाईट बोलता येणार नाही. रविवारी आईला फोन लावायचो आणि तिला म्हणायचो, तू तुझं काम कर, फोन नुसता चालू राहू दे. ती भांडी घासायची आणि मी ऐकत पडायचो.

श्वेता वाचायची थांबली. पाणी पिऊन येते म्हणाली आणि गेली. पाण्याची बाटली टेबलावरच होती.

शिवलीला बसून राहिली. तिला सकाळच्या शिट्ट्या आठवल्या. कितीदा तरी असं झालं होतं, की आपला कुकर अजून गॅसवर चढलेला नसायचा आणि श्वेताच्या बंद खोलीतून शिट्टी ऐकू यायची. एक, दोन, तीन. मग कुणीतरी कढईत झारा आपटायचं. ती समजायची, पोरगी मोबाइलवर काही रेसिपीचं बघते आहे. आता तिला कळलं, ते पुण्यातलं स्वयंपाकघर होतं, श्वेताच्या आईचं, प्रमोदिनीताईंचं. आणि एक गोष्ट तर ती रोज बघत होती. श्वेताचा ब्रश, साबण, तेल, सगळं अजून एका चेनच्या लहान पिशवीत असायचं. अंघोळीला जाताना ती पिशवी घेऊन जायची, येताना परत खोलीत आणायची. न्हाणीघरात तिच्यासाठी आरशाखाली कप्पा करून दिला होता. वर्ष झालं, तो रिकामाच होता.

श्वेताची काही तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीवर इलाज असतो. शिवलीलाला हे पुस्तकातून शिकायला लागलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन या शहरात आली, तेव्हा आप्पाजी बंगळुरातल्याच शिवाजीनगरात एका वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. नवरा व्यसनाचा नव्हता, सासू तोंडाची फटकळ पण ताटात दुजाभाव करायची नाही. पहिल्या पंचमीला भाऊ उंड्यांचा, म्हणजे पंचमीच्या लाडवांचा, डबा घेऊन न्यायला आला, गावी झाडाला झोका बांधला, आईनं नहाण घातलं, हिरव्या बांगड्या भरल्या. दुसऱ्या वर्षी रोशन पोटात होता. तिसऱ्या वर्षी यल्लव्वा म्हणाल्या, आता तिकडं काय ठेवलंय. रागानं नव्हे, सहज म्हणाल्या. त्यांनाही कुणीतरी असंच म्हणालं असणार. तिला झोका नको होता आणि बांगड्याही नको होत्या. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर आई तांदूळ निवडत बसायची, तिच्या शेजारी जाऊन न बोलता बसायचं होतं, एवढंच. शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळ भाजीला गेली की ती रोशनला कडेवर घेऊन बसच्या पाट्या वाचत उभी राहायची. बेळगावची गाडी तिथून सुटतच नाही, हे तिला माहीत होतं. तरी वाचायची. पुढं आई गेली, भावांनी घर पाडून स्लॅबचं बांधलं, मागचं दार राहिलं नाही. वाट्टेल तेव्हा जायची मोकळीक तिला मिळाली ती त्यानंतर.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर 'माझं सगळं चांगलं चाललंय' असंच तिनं सांगितलं असतं, आणि ते खोटं नव्हतं.

त्याच सुमारास आप्पाजींच्या डोक्यात गच्चीवरच्या खोलीचं आलं. श्वेता घरून काम करते, खाली अव्वांच्या, म्हणजे यल्लव्वांच्या, खोकल्यानं आणि भांड्यांच्या आवाजानं तिला त्रास होतो, तेव्हा वर तिच्यासाठी स्वतंत्र खोली काढायची. मोठी खिडकी, चांगली फरशी, वेगळं इंटरनेट. जयतीर्थ नावाचा ओळखीचा कंत्राटदार टेप घेऊन आला आणि गच्चीवर खडूनं रेघा मारून गेला. आप्पाजी त्या रेघांच्या आत उभे राहून श्वेताला हाका मारत होते. टेबल इथं येईल, कुंड्या तिथं, झाडांची हौस आहे ना तुला? श्वेता रेघेच्या बाहेर उभी होती. "छान होईल, बाबा," ती म्हणाली. आप्पाजींचा चेहरा असा उजळला, की शिवलीलाला त्यांच्याकडं बघवेना.

संध्याकाळी रोशन गाडी पुसत होता तिथं ती गेली. श्वेताचं बरं आहे ना, असं विचारलं. तो फडकं पिळत राहिला. "आई, आत्ता नको," म्हणाला. एवढं बोलून त्यानं पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

रविवारी सगळे एकदम जेवायला बसले. अहवाल गेला होता, बिंदुमाधवांनी तो चांगला झाल्याचं कळवलं होतं. आप्पाजींनी जयतीर्थनं दिलेले फरशीचे दोन तुकडे मिठाच्या वाटीशेजारी मांडून ठेवले होते, एक करडा, एक विटकरी. यल्लव्वांना फरशीत रस नव्हता. घरात इतके दिवस ज्यांची चर्चा चालली होती त्या पोरांची त्यांनाही काळजी लागली होती.

"ती पोरं ऱ्हायली का गेली गं शेवटी?" त्यांनी श्वेताला विचारलं.

श्वेतानं त्यांना सोपं करून सांगितलं. एक क्लब सावरला. दुसरा कितीतरी वर्षं तळाला पडून होता, आणि अगदी आत्ता कुठं पहिल्यांदा बादफेरीत पोचला. पण त्यात तिथंच जवळपास लहानाची मोठी झालेली पोरंही बरीच आहेत. सवलतीनं पोरं आली, हे खरं. सवलतीनं ती राहिली, असं काही म्हणता येत नाही, असं तिनं अहवालात लिहिलं होतं.

"पण क्लबवाल्यांनी कमी काय केलं होतं?" आप्पाजींच्या मनाला ते लागलं. "घर दिलं, पगार दिला, समुद्र दिला."

"काहीच कमी केलं नाही, बाबा," श्वेता म्हणाली. "सगळे तेच सांगतात. माणसं खूप चांगली होती म्हणतात."

"मग?"

रोशननं पाण्याचा जग उचलला आणि भरलेल्या ग्लासात आणखी पाणी ओतलं. टेबलावर पाणी सांडलं, ते पुसायला कुणी उठलं नाही. आप्पाजींना गप्प बसणं कधी सोसायचं नाही. त्यांनी फरशीचे तुकडे श्वेतापुढं सरकवले.

"सरी, बरं, ते जाऊ दे. तू हे बघ. आणि खिडकी कुठं घ्यायची? उद्या जयतीर्थ माणसं घेऊन येतोय. बसायचं तुला आहे, तूच सांग."

"तुम्ही म्हणाल तिकडं," श्वेता म्हणाली. तिचं बोट करड्या फरशीवर होतं, पण तिला ती दिसत नव्हती, हे शिवलीलाला दिसलं.

उद्या विटा येतील. एकदा भिंती उभ्या राहिल्या की ही पोरगी बोलायची नाही. सासऱ्यानं हौसेनं बांधलेल्या खोलीकडं पाठ फिरवून जायला कुणाचं काळीज होतं? ती वर बसेल, कुंड्यांना पाणी घालेल, सगळं चांगलं चाललंय म्हणून सांगेल. दुपारी शेजारी खुर्ची ओढून देईल. शिवलीलाला ती खुर्ची हवी होती. फार हवी होती. गप्प बसलं तर मिळणार होती.

तिनं हातातली पळी भातात उभी केली.

"अहो, जयतीर्थला नको म्हणून कळवा. खोली नको."

"का नको?"

"तिला घरी जायचंय म्हणून. पुण्याला."

यल्लव्वांचा हात ताटातच राहिला. आप्पाजी आधी श्वेताकडं, मग रोशनकडं बघायला लागले; दोघांपैकी कुणीही मान वर करेना. "काय बोलतेस तू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "आपण काय कमी केलं तिला? काय कमी आहे इथं?"

"काही कमी नाही," शिवलीला म्हणाली. "मलाही काही कमी नव्हतं. तुम्ही चांगले होता, अव्वा चांगल्या होत्या. तरी मला रोज घरी जायचं होतं, अहो. रोज. हिलाही जायचंय."